तपासलेली सायकल

शनिवारी दुपारी मुंगीची सायकल जोडायला तिचे बाबा हेल्मेट, गॉगल आणि कोपरापर्यंतचे हातमोजे घालून दिवाणखान्यात आले, तेव्हा सायकल अजून खोक्यातच होती. त्यांनी आधी सोफ्यापासून टीव्हीच्या टेबलापर्यंत आणि तिथून दाराच्या कडीपर्यंत काळी-पिवळी पट्टी ताणली आणि घरच्या सगळ्यांना पट्टीपलीकडे उभं केलं. बाथरूमचं दार पट्टीच्या आत राहिलं, हे नंतर लक्षात आलं.

बाबा पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. कारखान्याच्या फाटकावर ‘अपघाताविना दिवस’ असा फलक होता आणि त्यावरचा आकडा ते रोज सकाळी स्वतःच्या हाताने बदलत. शनिवारी तो सहाशे अकरा होता. घरात असा फलक नव्हता, पण तो नाही असं त्यांच्या वागण्यावरून कुणाला वाटलं नसतं.

सायकल मुंगीची होती, पण तिच्यामागे मुंगीची शाळाही होती. मुलं गुडघे फोडून वर्गात येतात म्हणून मुख्याध्यापिकाबाईंनी पालकांसाठी व्याख्यान ठेवलं होतं. विषय, ‘मुलांची सायकल : सुरक्षित जोडणी आणि सुरक्षित वापर’. वक्ते, मुंगीचे बाबा. व्याख्यान सोमवारी होतं. सायकल शनिवारी जोडायची, सोमवारी नमुना म्हणून मंचावर न्यायची आणि संध्याकाळी मुंगीच्या ताब्यात द्यायची, असा बेत होता. मुंगी सात वर्षांची होती आणि या बेतातला फक्त शेवटचा भाग तिला मान्य होता.

“बाबा, खोकं उघड ना!”

“उघडतो. पण आधी हे खोकं बघ. पाच पदरी आहे. कोपरे बघ कसे बसलेत.”

खोक्याचं कौतुक दहा मिनिटं चाललं. मग खोकं उघडलं. आतून चाकं, हँडल, सीट, पायडलं, नट-वायसरांची पिशवी आणि माहितीपुस्तिका निघाली. पुस्तिकेत तेहतीस इशारे होते आणि अकरा कृती होत्या. तेहतीस इशारे बाबांनी खणखणीत आवाजात सगळ्यांना वाचून दाखवले. तोवर साडेचार वाजले. मग कृती वाचत बसायला वेळ उरला नाही.

पट्टीपलीकडे खुर्चीवर नाना बसले होते. नाना म्हणजे मुंगीचे आजोबा, आईचे वडील. चौतीस वर्षं त्यांनी लिफ्टची देखभाल केली होती आणि त्यांनी वर पाठवलेला प्रत्येक माणूस सुखरूप खाली आला होता. त्यांना बोलायची फारशी सवय नव्हती; लिफ्टच्या खड्ड्यात ऐकणारं कुणी नसायचं.

“जावईबापू,” ते म्हणाले, “तो पुढच्या चाकाचा चिमटा...”

“नाना, पट्टीच्या मागे.”

“मागेच आहे. पण चिमटा...”

“काम चालू असताना मध्ये बोलायचं नाही, हा आमच्याकडे पहिला नियम आहे. काही सूचना असली तर लेखी द्या.”

“बरं,” नाना म्हणाले. त्यांनी वर्तमानपत्राचा कोपरा फाडला, त्यावर दोन शब्द लिहिले आणि चिठ्ठी पट्टीवरून पुढे केली. बाबांनी ती नियमाप्रमाणे स्वीकारली आणि नियमाप्रमाणे न वाचता खिशात ठेवली. सूचनांचा विचार कारखान्यात महिन्याच्या शेवटी होत असे.

पुढचं काम झपाट्याने झालं. फक्त डावं पायडल काही केल्या बसेना. बाबांनी ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पिळलं, मग पाना लावून पिळलं, मग पान्यावर उभं राहून पिळलं. आतून कुरकुर आवाज आला आणि पायडल बसलं. नानांनी डोळे मिटून घेतले.

संध्याकाळी मुंगीची आई कामावरून आली. ती हाडांच्या इस्पितळात प्लास्टरच्या खोलीत परिचारिका होती आणि सायकल हा शब्द तिला दिवसातून चारदा तरी ऐकावा लागे.

“झाली का जोडून?” तिने विचारलं. “आणि हे एवढे नट कसे उरले?”

“जादा देतात. हरवले तर असावेत म्हणून.”

“तू चालवून बघितलीस का?”

“कशी बघणार? तीस किलोपेक्षा जास्त वजन टाकू नये, असा एकोणिसावा इशारा आहे.”

“मग मुंगीला बसवून बघ.”

“तपासणी झाल्याशिवाय? अजिबात नाही!”

मग बाबांनी तपासणी केली. ते सायकलीभोवती दोनदा फिरले, घंटी वाजवली आणि सीटखाली हिरवं स्टिकर चिकटवलं. स्टिकरवर ‘तपासणी पूर्ण’ असं छापलेलं होतं. त्याखाली त्यांनी तारीख घालून सही केली.

रविवारी दिवसभर मुंगी सायकलीभोवती घुटमळत होती. पण नाना सकाळीच खुर्ची घेऊन सायकलीला टेकून बसले आणि वर्तमानपत्र वाचू लागले. ते त्यांनी जाहिरातींसकट दोनदा वाचलं. जेवायलाही ताट तिथेच मागवलं.

“आजोबा, एकदाच बसू द्या ना.”

“उद्या,” नाना म्हणाले.

“उद्या नक्की?”

नानांनी चिमट्याकडे पाहिलं आणि पान उलटलं.

सोमवारी शाळेच्या सभागृहात साठएक पालक जमले होते. मंचावर सायकल, तिच्या एका बाजूला फळा आणि दुसऱ्या बाजूला हेल्मेट घालून तयार असलेली मुंगी. हेल्मेट मात्र बिनचूक बसलं होतं, कारण ते आईने बसवलं होतं: भुवयांच्या वर दोन बोटं, पट्टा कानांभोवती, आणि हनुवटीखाली एकच बोट जाईल इतका घट्ट. आई आणि नाना शेवटच्या रांगेत होते.

बाबांनी सुरुवात झकास केली. सायकल मुलाच्या आजच्या उंचीची घ्यावी, पुढच्या वर्षीच्या उंचीची नको, हे त्यांनी सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. आता मुंगी सायकलीवर बसून ब्रेक दाखवणार होती.

“पण त्याआधी,” बाबा म्हणाले, “हँडल घट्ट आहे ना, हे रोज पाहायचं. पुढचं चाक असं दोन्ही गुडघ्यांत धरायचं आणि हँडल जोरात वळवायचं. ते वळता कामा नये.”

त्यांनी चाक गुडघ्यांत धरलं आणि हँडल वळवलं. ते वळलं. चाक समोर राहिलं आणि हँडल मुंगीकडे तोंड करून थांबलं.

पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी वहीत लिहिलं, ‘वळता कामा नये’, आणि त्याखाली रेघ ओढली.

बाबांनी हँडलकडे पाहिलं. सहाशे तेरा दिवसांत त्यांना इतका घाम फुटला नव्हता. रुमाल काढायला त्यांनी खिशात हात घातला, तर रुमालासोबत नानांची चिठ्ठी बाहेर आली. त्यांनी ती महिना संपायच्या आत वाचली. चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘चिमटा उलटा.’

“साहेब,” दुसऱ्या रांगेतून एक धिप्पाड पालक उठले. ते ट्रक चालवत. “चिमटा उलटा लावलाय की हो तुम्ही! ब्रेक पुढे यायला पाहिजे, तो मागे गेलाय. पोरीचा पाय चाकाला लागेल ना.”

बाबांनी तोंड उघडलं. पण त्याआधी मुख्याध्यापिकाबाई उठल्या होत्या. तीस वर्षांत त्यांनी पुष्कळ व्याख्यानं ऐकली होती आणि त्यातली बहुतेक डोळे उघडे ठेवून झोपेत ऐकली होती. आज त्या खडखडीत जाग्या होत्या.

“शाब्बास!” त्या म्हणाल्या. “आत्ता आलं माझ्या ध्यानात. सरांनी मुद्दाम चुकीची जोडलेली सायकल आणली आहे! नुसतं सांगण्यापेक्षा तुम्हालाच चुका शोधायला लावतायत. काय कल्पना आहे! या, या सगळे वर. सर, तुम्ही फळ्यावर लिहा.”

“बाई, मला जरा...”

“खडू इथे आहे.”

पालक मंचावर आले. पुढचा पाऊण तास बाबा फळ्यावर स्वतःच्या चुका लिहीत होते. अक्षर चांगलं होतं. ट्रकवाल्यांनी डावं पायडल हातानेच ओढून काढलं आणि सगळ्यांना आटे दाखवले. “डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते उलटं फिरवून बसवायचं. इथे ते सुलटं पिळून कोंबलंय. आटे गेले की कामातून!” कुणाला सीटच्या दांड्यावरची खूण दिसली, ती नळीच्या आत जायला हवी होती आणि बोटभर बाहेर होती. कुणी मागचा ब्रेक दाबून पाहिला, तर रबर रिमला न लागता टायरला घासत होतं. पुढच्या चाकाचा एक नट बोटांनी सुटला.

“सर, एकूण किती ठेवल्यात?” बाईंनी विचारलं.

हा प्रश्न बाबांनाही पडला होता. “आत्ताच सांगितलं तर... मजा जाईल,” ते म्हणाले.

“अजून दोन आहेत,” शेवटच्या रांगेतून नाना म्हणाले.

त्या दोनही सापडल्या. शेवटी वहीवाल्या बाईंनी खाली वाकून सीटखाली पाहिलं आणि हिरवं स्टिकर मोठ्याने वाचलं. “तपासणी पूर्ण! सहीसकट!”

सभागृह हसून लोटपोट झालं. ट्रकवाल्यांना टेबलाचा आधार घ्यावा लागला.

“ही सगळ्यात भारी,” मुख्याध्यापिकाबाई डोळे पुसत म्हणाल्या. “नुसत्या स्टिकरवर विश्वास ठेवू नका! सर, लिहा, हीसुद्धा लिहा.”

बाबांनी लिहिलं. अकरा. खडू खाली ठेवून ते वळले, तेव्हा समोर मुंगी उभी होती. हेल्मेट अजून डोक्यावरच होतं आणि पट्टा हनुवटीखाली तसाच घट्ट होता. सगळे हसत होते, ती हसत नव्हती. ती सुट्या पायडलकडे पाहत होती.

“बाबा,” ती म्हणाली, “मी बसले असते तर पडले असते?”

“हो.”

“तू मुद्दाम केलंस?”

बाबांच्या शर्टाला माइक लावलेला होता. त्यांनी तो काढला नाही. एकदा फळ्याकडे पाहिलं, एकदा शेवटच्या रांगेकडे पाहिलं आणि मग ते मुंगीसमोर गुडघ्यांवर बसले.

“नाही गं,” ते म्हणाले. “मुद्दाम नाही केलं. मला वाटलं, मी बरोबरच जोडलीय. आजोबा सांगत होते, मी ऐकलं नाही. पुस्तकात लिहिलं होतं, मी वाचलं नाही. आणि तपासलीही नाही. नुसती घंटी वाजवली.”

मग टाळ्या सुरू झाल्या. त्या इतका वेळ वाजल्या, की शेजारच्या वर्गातली मुलं दारात येऊन पाहू लागली. पहिल्या रांगेतल्या बाई वही मिटून रडत होत्या.

“काय उतरवलंय!” मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. “चूक करणाऱ्याला ती बरोबरच वाटत असते, हे सरांनी किती साधेपणाने दाखवलं! आणि मुलीनेही किती छान काम केलं!”

“मी खरंच सांगतोय, बाई.”

“तेच तर! अगदी खरं वाटलं.”

घरी येताना सायकल बाबांनी खांद्यावर घेतली होती, कारण ती चालवत नेण्यासारखी उरली नव्हती. पायडल नानांच्या हातात होतं. घरात शिरल्यावर बाबांनी सायकल दिवाणखान्यात ठेवली, हातमोजे कपाटात ठेवले, दाराच्या कडीला राहिलेला पट्टीचा तुकडा सोडवला आणि त्याची नीट गुंडाळी केली.

“नाना,” ते म्हणाले, “जरा इकडे येता का?”

“लेखी द्या,” नाना म्हणाले. पण खुर्चीतून ते आधीच उठले होते.

दोघांनी मिळून सायकल पहिल्या नटापासून सोडली. बाबा एकेक कृती मोठ्याने वाचत आणि ती पुरी झाल्याशिवाय पुढची वाचत नसत. नाना चुकलं तिथे “हं” म्हणत आणि जमलं तिथे काहीच म्हणत नसत. उरलेले नट एकेक करून आपापल्या जागी गेले. डाव्या पायडलचा दांडा मात्र बदलावा लागला. त्यासाठी दुसऱ्या दिवशी बाबा सायकलच्या दुकानात गेले. मेकॅनिकने चिरडलेले आटे उजेडात धरले आणि बराच वेळ पाहिले.

“कुणाचं काम हो हे?”

“आमच्याकडच्या एकाचं,” बाबा म्हणाले.

“काय करतो?”

बाबांनी नव्या दांड्याचे पैसे काढले.

मंगळवारी संध्याकाळी मुंगी सायकलीवर बसली. दोन्ही पाय जमिनीला पुरत होते. आधी नानांनी तिला नुसती सायकल हातात धरून चालायला लावलं आणि ‘थांब’ म्हटलं की ब्रेक दाबायला लावला. दहा वेळा दाबून झाल्यावर तिला पायडल मारायची परवानगी मिळाली. बाजूला दोन छोटी चाकं होती, तरी बाबा सीट धरून मागे पळत होते.

“बाबा, सोड ना. तुला दम लागतोय.”

बाबांनी सोडलं. मुंगी गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेली, थांबली, वळली आणि परत आली. बाबांनी खिशातून हिरवं स्टिकर काढलं, थोडा वेळ हातात धरलं आणि नानांपुढे केलं. नानांनी त्यावर सही केली.

दोन आठवडे बरे गेले. मग मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. शाळेच्या दुसऱ्या शाखेतल्या पालकांनाही तोच कार्यक्रम हवा होता. “सायकल अगदी तशीच आणा हं सर. आम्ही पत्रकंही वाटलीयत, ‘चुका ओळखा’ म्हणून. सगळ्यात जास्त चुका शोधेल त्याला हेल्मेट बक्षीस.”

“बाई, सायकल आता बरोबर जोडली आहे. एकही चूक नाही.”

“हो, हो,” बाई हसून म्हणाल्या. “तसंच म्हणा. मागच्या वेळी तेवढ्यानेच तर रंगलं.”

बाबांनी आणखी दोनदा सांगून पाहिलं. मग ते सायकल, मुंगी आणि नाना यांना घेऊन दुसऱ्या शाखेत गेले. मंचावर चढल्याचढल्या, घसा खाकरायच्याही आधी, ते म्हणाले, “ही सायकल पूर्णपणे बरोबर जोडलेली आहे.” सभागृह हसलं आणि उठून मंचाकडे आलं.

पहिली चूक जाड चष्म्याच्या एका गृहस्थांनी काढली. बाजूची छोटी चाकं जमिनीला टेकत नव्हती, दोन्हीकडे करंगळीएवढी फट होती. “ती तशीच ठेवायची असते,” बाबा म्हणाले, “दोन्ही टेकली तर मागचं चाक उचललं जातं आणि ब्रेक लागत नाही.” गृहस्थांनी डोळा मारला. दुसरी चूक अशी, की सीट फार खाली होती, मुलीचे पाय जमिनीला लागत होते. तिसरी, डावं पायडल सुटायला उलट्या बाजूला फिरत होतं. चौथी, चेन थोडी ढिली होती, हे एका आजींना बोटाने दाबल्यावर कळलं. पाचवी, पुढचं चाक गुडघ्यांत धरून चष्मेवाल्यांनी सगळा जोर लावला तरी हँडल जागचं हललं नाही. “जाम झालंय,” ते इतरांना म्हणाले. “लिहा.”

बाबांनी हे सगळं समजावून सांगितलं. जितकं समजावलं तितकं लोक एकमेकांना कोपराने ढोसू लागले. अर्ध्या तासात फळ्यावर चौदा चुका झाल्या. बाबांनी नानांकडे पाहिलं. नाना छताच्या पंख्याकडे पाहत होते आणि त्यांची मिशी हलत होती.

“आता सर उत्तर सांगतील,” मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. “सर, खरंखरं सांगा, किती ठेवल्या होत्या?”

“एकही नाही,” बाबा म्हणाले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. हेल्मेट चष्मेवाल्यांना मिळालं. चौदांपैकी सहा त्यांच्या होत्या.

मुंगीला मात्र आता कंटाळा आला होता. तिने हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली लावला, सायकल मंचावरून खाली उतरवून घेतली आणि खुर्च्यांमधल्या मोकळ्या जागेत तिच्यावर बसून पायडल मारलं. लोक भराभर बाजूला सरले. एक बाई किंचाळल्या. मुंगीने सभागृहाला तीन फेऱ्या घातल्या, दोन्ही वळणांवर घंटी वाजवली, सरळ पहिल्या रांगेवर आली आणि ब्रेक दाबून चष्मेवाल्या गृहस्थांच्या बुटांपासून वीतभर अंतरावर थांबली. दोन्ही पाय जमिनीवर टेकून तिने सगळ्यांकडे पाहिलं.

मग गृहस्थांनी जिंकलेलं हेल्मेट छातीशी धरलं आणि सुस्कारा सोडला.

“थोडक्यात वाचली हो पोरगी,” ते म्हणाले.